दोनचा ताप, सहाचा ताप

औरंगाबाद
१२ जानेवारी १९८२

प्रिय आबेदा,

तुझी ट्रंक काल फुलंब्रीच्या एसटीत चढवली. कंडक्टर आपल्या वॉर्डबॉय बद्रीनाथच्या गावचा निघाला, म्हणून नीट पोचली असेल. युनिफॉर्म दोनच आहेत. तिसरा धोब्याकडून आलाच नाही, आणि तो आता कबूलही करत नाही.

पहिली गोष्ट कामाची. ऑफिसातल्या रामकिसननं मला तुझी फाइल दाखवली. वर लिहिलंय, प्रकृतीच्या कारणास्तव सहा महिने रजा. खाली लिहिलंय की ३० जूनच्या आत मन खंबीर असल्याचा दाखला आणावा. कमिटीचं समाधान झालं तर पुन्हा प्रवेश, नाहीतर नाव कमी. म्हणजे दोन वर्षं गेली. अशी नर्स नाही आणि तशीही नाही. तेव्हा रडत बसू नकोस, दाखल्याच्या मागं लाग.

चौकशीचा कागदही त्याच फाइलीत आहे. चार ओळींचा. बाळंतिणींचा वॉर्ड, खाट क्रमांक चौदा, गयाबाई. ३ डिसेंबरला संध्याकाळी सहाचा ताप नव्व्याण्णव नोंदवला. आठ वाजता डॉक्टरांनी पाहिला तेव्हा एकशे चार. दुसऱ्या दिवशी दुपारी रुग्ण दगावली. सहाची नोंद विद्यार्थिनी आबेदा हिची. बस. थर्मामीटरचं नाव नाही. एका पाळीला दोन पोरी आणि बेचाळीस खाटा, हेही नाही.

आता नवीन ताप ऐक. पुण्याहून ट्यूटर आल्यात, कर्णिकबाई. ट्रस्टींनी ठरवलंय की गयाबाई गेली कारण पोरींची मनं कच्ची. म्हणून दर शनिवारी चार वाजता मनोबलाचा वर्ग. नाइट करून आलेल्यांनाही सुट्टी नाही. डोळे मिटून लांब श्वास घ्यायचा आणि दौलताबादचा किल्ला डोळ्यांपुढं आणायचा. इतकी वर्षं उन्हापावसात उभा आहे, तसं उभं राहायचं. माझ्या शेजारी प्रयाग घोरायला लागली. बाईंनी हलवलं तर म्हणाली, किल्ल्याच्या अंधारीत शिरले होते बाई, वाट सापडंना. सगळ्या हसल्या. बाईसुद्धा हसल्या. बाई वाईट नाहीत, तेच अवघड आहे.

मग त्या म्हणाल्या, आपली एक मैत्रीण एका प्रसंगानं मोडून गेली, तसं आपल्याला व्हायचं नाही. नाव घेतलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं.

तू कशी आहेस ते लिही.

तुझी
कुशावर्ता


फुलंब्री
२४ जानेवारी

कुशा,

ट्रंक पोचली. तुझा कंडक्टर ओळखीचा होता म्हणून ती टपावर उलटी ठेवली असेल. आरशाचे तीन तुकडे झालेत.

मी कशी आहे. जेवते, झोपते, अब्बांच्या शिलाईच्या दुकानात बसून काजं करते. अब्बा काही विचारत नाहीत. गिऱ्हाइकं विचारतात. काय हैदरभाई, लडकी नर्स बनने गयी थी ना. अब्बा म्हणतात छुट्टी है. एवढी लांब छुट्टी कुठल्या दवाखान्यात असते, हे फुलंब्रीत सगळ्यांना कळतं.

दाखल्यासाठी इथल्या सरकारी डॉक्टरकडं गेले. भला माणूस. काय झालं विचारलं, तर मी सगळं सांगितलं. एका वॉर्डात बेचाळीस खाटा आणि हाताशी थर्मामीटर एक. बाकीचे दोन आशाबाई सिस्टरच्या कपाटात कुलपात, कारण पोरी फोडतात. धुवा, झटका, तीन मिनिटं धरा. दोन तासांत होत नाही, आणि राउंडच्या आधी तक्ते भरलेले पाहिजेत. म्हणून हाताचा ताप. हाताची मागची बाजू मानेला लावायची. गार लागली तर अठ्ठ्याण्णव पॉइंट चार, कोमट लागली तर नव्व्याण्णव, चटका बसला तर एकशे एक. पहिल्याच आठवड्यात सीनियर पोरी शिकवतात, आणि ज्या पोरीचा हात बरोबर निघतो तिचं कौतुक होतं. माझं व्हायचं. डॉक्टर म्हणाले, आमच्याकडंही तसंच चालतं.

मी त्यांना सांगितलं, मी गयाबाईला हात लावला होता. मला ती कोमटच लागली.

त्यांनी पेन काढलं. मग दाखला लिहिला. दृष्टी चांगली, हर्निया नाही, संसर्गजन्य रोग नाही. मी म्हटलं, मनाचं? ते म्हणाले, छापील फॉर्ममध्ये मन नाही.

एक विचारते. त्या दिवशी सकाळपाळीला तू होतीस. दोनचा ताप तू लिहिलास, तोही नव्व्याण्णव होता. मी तोच पाहून पुढं गेले. दोन वाजता तुझ्या हाताला ती कशी लागली होती? डॉक्टर म्हणत होते, असा ताप चार तासांत चढत नाही, आधीपासून असतो. मला कोणावर ढकलायचं नाही. फक्त माझा हात खोटा ठरला की काय, ते मला पाहायचं आहे. रोज तेच मनात येतं.

आबेदा


औरंगाबाद
२० फेब्रुवारी

प्रिय आबेदा,

उशीर झाला. परीक्षा होती, मग प्रयागला कावीळ झाली आणि तिच्या नाइट माझ्याकडं आल्या. सलग अकरा.

दाखल्याचं मी रामकिसनला विचारलं. तो म्हणाला, हर्नियाचा दाखला चालणार नाही. मग कसला चालेल विचारलं, तर म्हणाला, मला काय माहीत, वाक्य ट्रस्टींनी घातलंय. तू शहरात येऊन मनाच्या डॉक्टरला दाखव. औरंगपुऱ्यात एक बसतात म्हणे.

वर्गाचं ऐक. आता प्रत्येकीला एक वही दिली आहे. रोज झोपण्याआधी लिहायचं, आज मला कशाचा त्रास झाला आणि मी त्यावर मात कशी केली. मी पहिल्या दिवशी लिहिलं, थर्मामीटर एकच असल्याचा त्रास झाला. मात झाली नाही. शनिवारी वही परत आली. बाईंनी लाल शाईत लिहिलं होतं, बाहेरच्या गोष्टींना दोष देऊ नका, आपल्या हातात काय आहे ते पाहा. मी दुसऱ्या दिवशी लिहिलं, हातात थर्मामीटर नाही. तेव्हा बोलावणं आलं.

बाईंनी मला खुर्ची दिली. म्हणाल्या, कुशावर्ता, तू रागावलेली आहेस. मी म्हटलं, नाही बाई, मी थकलेय. त्या म्हणाल्या, थकवा मनाचा असतो. मी अकरा नाइट सांगितल्या. त्यांनी ते लिहून घेतलं, खरंच लिहून घेतलं, आणि म्हणाल्या मी बोलते मेट्रनबाईंशी. बोलल्या असतील. बाराव्या रात्रीही मीच होते.

बाकीच्या हुशार आहेत. सगळ्या एकाच वहीतून उतरवतात. आज मला घरची आठवण आली, मी श्वास घेतला, बरं वाटलं. तेवीस वह्यांत तेच. बाई खूश आहेत. ट्रस्टींना दाखवायला नेल्या.

तू जेवत जा. अब्बांना सलाम सांग.

तुझी
कुशावर्ता


फुलंब्री
२७ फेब्रुवारी

कुशा,

दोन पानी पत्र. प्रयागची कावीळ आहे, तेवीस वह्या आहेत. मी विचारलं त्याचं उत्तर नाही.

औरंगपुऱ्यातल्या डॉक्टरकडं जाऊन आलो. अब्बा बरोबर होते. जिना चढून वर गेलो तर बाकावर आमच्यासारखे वीसजण. डॉक्टरनं माझं ऐकलं, गुडघ्यावर हातोडी मारली, शंभरातून सात सात वजा करायला लावलं. मी दोनपर्यंत आले. म्हणाले, तुला काही झालेलं नाही. मी म्हटलं, तेच लिहून द्या. ते म्हणाले, बाळ, वेडाचा दाखला देता येतो. शहाणपणाचा कसा देऊ? उद्या तू काही केलंस तर सही माझी.

तेव्हा अब्बा म्हणाले, क्या जी डाक्टर साब, पोट्टी पागल हैच नहीं तो लिखने कू डर कायका?

शेवटी त्यांनी लिहिलं, तपासणीच्या वेळी रुग्ण शांत होती, रडली नाही. एवढाच कागद आहे माझ्याकडं. तो मी ऑफिसात दिला. रामकिसननं दोनदा वाचला आणि पाहू म्हणाला. हॉस्टेलखाली उभी होते, पण तुला हाक मारली नाही.

परवा शेजारची रईसा लेकरू घेऊन आली. अंग तापलंय, बघ म्हणाली. मी म्हटलं घरात थर्मामीटर नाही. ती म्हणाली, अगं हातानं बघ की, तू तर शिकलेली. मी आत गेले आणि कडी लावली. ती बाहेर बराच वेळ उभी होती. मग अम्मीनं हात लावून सांगितलं, थोडं गरम आहे, पाणी पाज.

कमिटीनं दाखला घेतला तरी हे कसं व्हायचं? वॉर्डात बेचाळीस माना आहेत.

मी पुन्हा विचारते. दोन वाजता ती गरम होती का?

आबेदा


औरंगाबाद
१५ मार्च

आबेदा,

मला माहीत नाही ती गरम होती का. मी हात लावला नव्हता.

आता पुढचं लिहिते, नाहीतर पुन्हा राहील.

त्या दिवशी सकाळी तीन बाळंतपणं झाली. माझ्या जोडीची पोरगी लेबर रूममध्ये अडकली. पावणेदोनला मी रिकामी झाले आणि दोनला डॉक्टरांचा राउंड. मी टेबलापाशी बसले, बेचाळीस तक्ते पुढं ओढले आणि भरले. उठले नाही. सगळ्यांना एकच आकडा घातला तर कळतं, म्हणून वर-खाली केले. चौदा नंबरला सकाळी अठ्ठ्याण्णव पॉइंट चार होता. पाचवा दिवस होता, दूध भरून आलेलं, थोडा ताप असतोच, म्हणून नव्व्याण्णव घातला. खरा वाटावा म्हणून. मी तो आकडा विचार करून निवडला, हे मला सारखं आठवतं. तिची सासू मधे एकदा टेबलापाशी आली होती. सिस्टर, हिला हुडहुडी भरल्यागत होतंय, म्हणाली. मी म्हटलं, पंखा बंद करा.

चौकशीत मला बोलावलंच नाही. शेवटची नोंद तुझी होती, त्यांना तेवढी पुरली. मला वाटलं बोलावतील तेव्हा सांगू. मग तू रडत रडत गेलीस. मग वाटलं, आता सांगून काय. मग वर्ग सुरू झाला, आणि मी वर्गावर रागवायला लागले. ते सोपं होतं. गेले दोन महिने मी तुला कर्णिकबाईंबद्दल लिहिते आहे, कारण दुसरं काही लिहायचं नव्हतं.

तुझा हात खोटा नव्हता. तुझ्यासमोर माझा आकडा होता, त्यानं तुला फसवलं. तुझ्याजागी कोणीही असती तर तिलाही कोमटच लागली असती.

कुशावर्ता


फुलंब्री
१९ एप्रिल

कुशावर्ता,

तुझं पत्र महिनाभर ट्रंकेत होतं. रोज वाटायचं उत्तर लिहू, आणि रोज जे सुचायचं ते लिहिण्यासारखं नव्हतं.

तू मला ट्रंक पाठवलीस. फाइल वाचून दाखवलीस. रडत बसू नकोस म्हणालीस. मी अब्बांना सांगितलं होतं, कुशा आहे म्हणून तिथलं काहीतरी कळतं.

वर्गात माझं उदाहरण दिलं तेव्हा सगळ्यांनी तुझ्याकडं पाहिलं, असं तू लिहिलं होतंस. तेव्हा मला तुझी दया आली होती. हसू नकोस.

मला तुझी माफी नको. मागितलेलीही नाहीस, ते बरं केलंस. मला कागद हवा आहे. हेच सगळं लिही, खाली सही कर, तारीख घाल आणि मेट्रनबाईंना दे. कमिटी १४ जूनला बसते. कागद फाइलीत गेला तर ते मला घेतील. नाही गेला तर माझ्याजवळ काय आहे? तपासणीच्या वेळी रडली नाही.

जालन्याहून एक स्थळ आलंय. चुलत्यांनी आणलं, गयास नावाचा आहे, बसडेपोत. अब्बा जूनपर्यंत थांबा म्हणालेत. पुढं थांबा म्हणायला त्यांच्याकडं कारण राहणार नाही.

आबेदा


औरंगाबाद
२४ मे

आबेदा,

कागद दिला. त्याचं काय झालं ते ऐक.

२६ एप्रिलला मी मेट्रनबाईंकडं गेले. त्यांनी उभ्यानं वाचला, मग बसून वाचला. दार लावून घे म्हणाल्या. मला वाटलं आता ओरडतील. त्या अगदी हळू बोलल्या.

"मी बावीस वर्षं झाली या दवाखान्यात. मी पण हातानंच लिहिलेत. आशाबाईनं लिहिलेत. तू लिहितेस, उद्या येणारी लिहील. हा कागद मी घेतला, तर मला विचारतील की बाकीच्या तक्त्यांचं काय. काय सांगू मी?"

मी म्हटलं, खरं सांगा.

"मग वॉर्ड बंद करावा लागंल. बाया कुठं बाळंत होतील? रस्त्यावर?"

कागदाची घडी घालून त्यांनी माझ्या हातात दिली. म्हणाल्या, आबेदा चांगली पोरगी होती, मला वाईट वाटतं. तू वर्गाला नियमित जात जा.

दोन आठवडे तो कागद मी उशीखाली ठेवून झोपले. आपण जूनपर्यंत नुसतं थांबलो तर आपोआप संपेल, असंही मनात आलं. लपवत नाही. तू जालन्याला जाशील, मी परीक्षा देईन.

८ मेच्या शनिवारी बाईंनी नवीन खेळ काढला. एकेकीनं उभं राहून आपली कमजोरी सांगायची आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या. एकीला झुरळाची भीती. टाळ्या. एकीला आईची आठवण. टाळ्या. प्रयाग म्हणाली, मला झोप फार. सगळ्यांत जास्त टाळ्या. माझी पाळी आली तेव्हा मी कागद उघडून वाचला. चार मिनिटं लागली असतील. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. मला वाटलं होतं एखादी तरी म्हणेल, मी पण असंच करते. बेचाळीस खाटांचे तक्ते तिथं बसलेल्या प्रत्येकीनं भरलेत. सगळ्या जमिनीकडं बघत होत्या. मग मागून आवाज आला, बाई, साडेचार झाले, ड्यूटी आहे. आणि वर्ग सुटला. गेटपर्यंत माझ्याबरोबर कोणी चाललं नाही.

कर्णिकबाई मात्र बसून राहिल्या. त्यांनी कागद मागितला. विचारलं, एका वॉर्डाला थर्मामीटर किती? मी म्हटलं, बाई, मी फेब्रुवारीत वहीत लिहिलं होतं. त्या म्हणाल्या, हो, लिहिलं होतंस. दुसऱ्या दिवशी त्या कागद घेऊन थेट ट्रस्टींकडं गेल्या, मेट्रनबाईंना न विचारता. त्यांचं आता इथं किती दिवस चालेल सांगता येत नाही.

काल निकाल कळला. माझी एक टर्म मागं. डिसेंबरपर्यंत घरी राहायचं, मग खालच्या बॅचबरोबर बसायचं. तुला १४ जूनचं बोलावणं येईल, रामकिसननं पाकीट माझ्यासमोर चिकटवलं. वॉर्डात आणखी थर्मामीटर आले का विचारशील. नाही. कपाटातले दोन बाहेर आले. त्यातला एक पहिल्याच दिवशी फुटला आणि दुसरा आशाबाईंनी परत आत ठेवला.

मी परवा शेंद्र्याला जाते. पत्र तिकडंच टाक, दादांच्या पत्त्यावर, वडिलांचं नाव कारभारी.

कुशावर्ता


औरंगाबाद
शनिवार, २६ जून

कुशा,

तुझ्याच खाटेवर बसून लिहिते आहे. मला तीच दिली.

कमिटीत पाचजण होते. तुझा कागद त्यांच्यासमोर होता. एका ट्रस्टीनं विचारलं, पुन्हा असं काही झालं तर रडशील का? मी नाही म्हटलं. दुसऱ्यानं विचारलं, मन खंबीर झालं का? मी झालं म्हटलं. सात मिनिटांत बाहेर. अब्बा फाटकापाशी उभे होते. त्यांना सांगितलं तर त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली. बसस्टँडवर त्यांनी मला शेवभाजी खाऊ घातली आणि स्वतः चहा प्यायले.

कर्णिकबाई पुण्याला परत गेल्या. वर्ग आता आशाबाई घेतात. किल्ला वगैरे नाही, हजेरी घेतात आणि सोडतात. वॉर्डात तुझं नाव कोणी काढत नाही. माझ्याशी सगळ्या गोड बोलतात. आबेदावर अन्याय झाला होता, असं म्हणतात. प्रयागनं मला स्वतःचा चहा दिला.

हे मला सहन होत नाही. म्हणून लिहिते.

सहाचा ताप. मी हात लावला नव्हता.

ड्यूटीवर आले तेव्हा सात खाटांना सलाइन होतं. चौदा नंबरपर्यंत पोचेतो सहा वाजून गेले होते. ती भिंतीकडं तोंड करून, डोक्यावरून पांघरूण घेऊन पडली होती. झोपलीय, उठवू कशाला, असं मला वाटलं. तुझा नव्व्याण्णव पाहिला आणि शेजारी नव्व्याण्णव लिहिला. पांघरूण बाजूला केलं असतं तर वाफ लागली असती, कुशा. दोन तास हातात होते.

मी हात लावला होता हे मी मेट्रनबाईंना सांगितलं, अब्बांना सांगितलं, दोन डॉक्टरांना सांगितलं. तुला सांगितलं, दोनदा विचारलं, तुझ्याकडून कागद काढून घेतला. इतक्यांदा सांगितलं की मधे काही दिवस मला तिची मान हाताखाली आठवायचीसुद्धा. तू खरं लिहिलंस तेव्हा मी महिनाभर उत्तर दिलं नाही. राग होता, तो खरा होता. पण नुसता राग नव्हता. तुझ्या पत्रात शेवटी होतं की माझा हात खोटा नव्हता. ती ओळ मला सोडवेना.

तू घरी बसलीस ती निम्मी माझ्यासाठी.

सोमवारी सकाळी दहाला मेट्रनबाई भेटतात. मी जाऊन सांगू का? गेले तर मला काढतील, या वेळी नक्की, आणि तुझी टर्म त्यामुळं परत मिळेल असंही नाही. जालन्याचं अजून उभं आहे. नाही गेले तर मी इथं राहीन आणि नीट काम करीन. आठ दिवस झाले, मी खरा ताप घेते. राउंडला निम्मे तक्ते रिकामे असतात, रोज बोलणी खाते. तू सांगशील तसं करीन. जा म्हणालीस तर जाईन.

आबेदा


शेंद्रा
मंगळवार, २९ जून

आबेदा,

तुझं पत्र आज दुपारी मिळालं. पोस्टमन पुंजाराम आमच्याकडं मंगळवारी आणि शुक्रवारीच येतो. हे मी तुला हॉस्टेलमध्ये किती वेळा सांगितलंय. घरचं पत्र का येत नाही म्हणून मी रडायचे, तेव्हा तूच मला वार मोजून दाखवायचीस.

तू शनिवारी लिहिलंस आणि सोमवारी जाऊ का विचारलंस. सोमवार काल होऊन गेला.

मी पत्र घेऊन शेताच्या बांधावर जाऊन बसले. दादा काय झालं विचारत होते, दवाखान्यातलं आहे म्हटलं. ते म्हणाले, परत बोलावलं का? त्यांना अजून वाटतं की काहीतरी चूक झालीय आणि बोलावणं येईल. गावात त्यांनी सुट्टी आहे म्हणून सांगितलंय. सगळीकडं सुट्टीच आहे.

मला राग आला आहे. मी मार्चमध्ये लिहिलं तेव्हा मला वाटलं होतं, निदान आपल्या दोघींत आता काही झाकलेलं नाही. त्या शनिवारी वर्गात उभी राहिले ती तुझ्या हातावर विश्वास ठेवून. कोणी टाळी वाजवली नाही, कोणी बरोबर चाललं नाही, तरी मनात होतं की एक जण तरी त्या दिवशी गयाबाईपाशी गेली होती. कोणीच गेलं नव्हतं. सकाळपासून आठपर्यंत तिच्यापाशी फक्त तिची सासू होती, आणि ती येऊन सांगून गेली होती.

तू मला विचारलंस, पण उत्तर पोचणार नाही असा वार निवडलास. मुद्दाम केलंस म्हणत नाही. मीही पावणेदोनला मुद्दाम काही केलं नव्हतं.

म्हणून जा, किंवा जाऊ नकोस, यातलं काही मी लिहीत नाही. ते आता तुझं तुलाच माहीत. तू काल दहा वाजता मेट्रनबाईंच्या दारात होतीस किंवा नव्हतीस. असलीस तर हे पत्र फुलंब्रीला तुझ्यामागं येईल. नसलीस तर तिथंच मिळेल, माझ्या खाटेवर.

काय केलंस ते कळव. खोटं कळवलंस तरी इथून मला कळायचं नाही.

कुशावर्ता